एकाच फोनच्या घरातला ऑनलाइन अभ्यास : सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी कामाचा क्रम

पुरामुळे शाळा आठवडाभर बंद पडली, उसाच्या हंगामात वर्गातली काही मुले आईवडिलांबरोबर फडावर गेली, किंवा आठवीच्या मुलांकडून एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा सराव करून घ्यायचा ठरला, की आपल्यापैकी बहुतेक शिक्षक पहिल्या दिवशी व्हॉट्सॲपवर वर्गाचा गट काढतात, दुसऱ्या दिवशी व्हिडिओची लिंक टाकतात आणि तिसऱ्या दिवसापासून ‘पालक लक्ष देत नाहीत’ म्हणू लागतात. मीही हे केले आहे. जतच्या वस्त्यांवर, माण-खटावच्या गावांत किंवा पाटणच्या डोंगरपट्ट्यात फोन आता बहुतेक घरांत आहे. तो सहावीतल्या मुलाच्या हातात केव्हा येतो, किती मिनिटांसाठी येतो आणि त्या मिनिटांत पॅक शिल्लक असतो का, हे मात्र कोणी विचारलेले नसते. एनएमएमएसची वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती साडेतीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांसाठी आहे, आणि ऑनलाइन सरावात सर्वांत आधी गळतात ती याच घरांतली मुले.

खाली दिलेल्या क्रमात व्हॉट्सॲपचा गट पाचव्या टप्प्यावर येतो आणि देणगीतले फोन सर्वांत शेवटी. पहिल्या तीन टप्प्यांना दहा-बारा दिवस लागतात, त्यामुळे ते शाळा सुरू असतानाच उरकून ठेवावेत. पुराचे पाणी चढू लागल्यावर घरभेटी होत नाहीत.

## टप्पा १ : फोनच्या वेळेची नोंद

वर्गात ‘कोणाकडे स्मार्टफोन आहे, हात वर करा’ असे कधीही विचारू नका. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घरी फोन नाही हे चारचौघांत सांगणे जड जाते, त्यामुळे शेजाऱ्याचा हात वर गेला की त्याचाही जातो. नोंद घरी जाऊन, संध्याकाळी सातनंतर, आईवडील कामावरून परतल्यावर करावी. दोन शिक्षकांनी वस्त्या वाटून घेतल्या तर एका आठवड्यात चाळीस घरे सहज होतात.

वहीत प्रत्येक मुलासाठी एक ओळ आखा आणि तीत पुढील गोष्टी लिहा : फोन कोणाचा आहे, सकाळी तो घरातून किती वाजता बाहेर पडतो, परत किती वाजता येतो, घरात शिकणारी मुले किती, त्यांत फोन आधी कोणाला मिळतो, रिचार्ज कोणत्या तारखेला संपतो, आणि घरात रेंज नसेल तर ती नेमकी कोठे मिळते. ‘अंगणात चिंचेखाली’ हे उत्तर तसेच लिहून घ्या, कारण पावसाळ्यात चिंचेखाली उभे राहून अभ्यास होत नाही.

उत्तरे तालुक्यागणिक बदलतात. विटा-आटपाडीकडच्या कित्येक घरांत वडील गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवण्याच्या, कामासाठी परराज्यात असतात, स्मार्टफोन त्यांच्याबरोबर जातो आणि आईकडे बटणांचा फोन राहतो. पाटण-जावळीकडे वडील मुंबईला असले की चित्र तेच. तासगावच्या बाजूला द्राक्षबागेच्या छाटणीच्या दिवसांत आईवडील दोघेही सकाळीच बाहेर पडतात आणि मुकादमाचा निरोप फोनवरच येत असल्यामुळे फोन घरी ठेवणे त्यांना परवडत नाही. मळ्यातल्या वस्तीची वीज शेतीच्या फीडरवर, म्हणजे ठरावीक तासच वीज देणाऱ्या वाहिनीवर असेल, तर फोन चार्ज होण्याची वेळही पाण्याच्या पाळीसारखी विचारून घ्यावी लागते.

‘आधी कोणाला मिळतो’ हा रकाना गाळू नका. माझ्या वर्गातल्या सातवीच्या एका मुलीच्या घरी फोन होता, दिवसाला दीड जीबीचा पॅक होता, आणि मी तिला ‘सोय असलेली’ धरून चाललो होतो. प्रत्यक्षात वडील साडेसातला घरी यायचे, साडेआठपर्यंत फोन दहावीतल्या भावाकडे असायचा, जेवणानंतर चौथीतला धाकटा रडून कार्टून लावून घ्यायचा, आणि भांडी घासून ती फोनपाशी पोचेपर्यंत साडेनऊ वाजलेले, पॅक संपलेला आणि बॅटरी चार टक्के. वहीत तिच्यापुढे ‘फोन आहे’ एवढेच लिहिले असते, तर त्यातून काहीच कळले नसते.

सावधान : ही वही मुलांसमोर उघडू नका, भिंतीवर यादी लावू नका आणि बैठकीत ‘फोन नसलेले’ म्हणून नावे वाचू नका.

तपासणी : प्रत्येक नावापुढे एक वेळ आणि मिनिटांचा एक आकडा आला का? ‘संध्याकाळी’ हे उत्तर अपुरे आहे. ‘साडेनऊनंतर, १५ मिनिटे, नेट बहुधा संपलेले’ हे पुरेसे आहे.

## टप्पा २ : चार गट पाडणे

नोंदीवरून मुलांचे चार गट पाडा : नेटसह फोन रोज पाऊण तास मिळणारी मुले, स्मार्टफोन थोडाच वेळ किंवा उशिरा मिळणारी मुले, घरी फक्त बटणांचा फोन असलेली मुले, आणि फोन नसलेली किंवा स्थलांतर करणारी मुले. हे गट तुमच्या वहीपुरते आहेत; मुलांना ते कळण्याचे कारण नाही.

नेहमीची चूक अशी की पाठ पहिल्या गटासाठी तयार होतो आणि बाकीच्यांना ‘मित्राकडे जाऊन बघ’ असे सांगितले जाते. पाठाची बांधणी चौथ्या गटाला धरून करा. फोन मुळीच नसलेल्या मुलाला आठवड्याचे काम पुरे करता आले पाहिजे. फोन असलेल्यांना त्यावर समजावून सांगण्याची जोड मिळेल, पण फोनवाचून कोणाचे काम अडता कामा नये.

## टप्पा ३ : आधी कागद

दर आठवड्याला, प्रत्येक विषयासाठी, ए-फोर आकाराचा पाठपोट एक कागद. त्यावर पाठ्यपुस्तकातले पान, काय वाचायचे, कोणती उदाहरणे सोडवायची, कोठे अडण्याची शक्यता आहे आणि वही कोणत्या दिवशी द्यायची, एवढे असावे. पाठ्यपुस्तक मुलाकडे असतेच, त्यामुळे पुस्तकातला मजकूर पुन्हा छापण्यात झेरॉक्सचे पैसे घालवू नका. झेरॉक्सचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच मंजूर करून घ्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि कागदाला किती आणि रिचार्जला किती लागेल हे आकड्यांत मांडले की त्यांच्या लगेच ध्यानात येते.

उदाहरण निवडताना उत्तरावरून चूक ओळखू येईल असे निवडा, कारण पुढे फोनवर एका मिनिटात तपासायचे आहे. सहावीच्या नफा-तोट्यासाठी मी हे देतो : ‘आईने कोथिंबिरीच्या ५० जुड्या ४ रुपयांप्रमाणे घेतल्या, बाजारापर्यंत ३० रुपये गाडीभाडे दिले, ४० जुड्या ७ रुपयांप्रमाणे विकल्या आणि १० सुकून गेल्या. नफा किती?’ बरोबर उत्तर ५० रुपये. मुलाने ८० सांगितले तर तो गाडीभाडे विसरला. १२० सांगितले तर सुकलेल्या जुड्याही त्याने विकल्या. १५० सांगितले तर दोन्ही. वही न पाहता तुम्हाला चूक कळते, आणि कोणताही ॲप लागत नाही.

तपासणी : तयार कागद घरी फोन नसलेल्या एखाद्या मुलाला द्या, बाजूला बसा आणि तोंडातून शब्द काढू नका. त्याने ‘इथे काय करायचे, सर?’ असे जेथे विचारले, तेथली सूचना पुन्हा लिहा.

## टप्पा ४ : फोनवर काय पाठवायचे आणि किती वजनाचे

प्रथम आवाज, मग फोटो, आणि अगदीच गरज असेल तेव्हा व्हिडिओ, हा क्रम ठेवा. पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज साधारण एक एमबीच्या आसपास असतो. तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ बहुधा पंचवीस एमबीच्या पुढे जातो. तासभराच्या थेट व्हिडिओ वर्गाला अर्धा जीबी सहज लागतो, म्हणजे एका घरातल्या तीन भावंडांनी एकेक तास केला की दीड जीबीचा पॅक संपला आणि वडिलांना दुसऱ्या दिवशीच्या कामाचा निरोप आला नाही. त्यानंतर फोन मुलांना मिळत नाही, आणि वडिलांचेही काही चुकले असे मला वाटत नाही.

व्हॉइस मेसेज करताना कागदावरच्या उदाहरणाचा क्रमांक आधी सांगा, एका मेसेजमध्ये एकच गोष्ट समजावा आणि पाच मिनिटांच्या पुढे जाऊ नका. पंधरा मिनिटांचा मेसेज अर्धवट ऐकून मूल पुन्हा सुरुवातीपासून लावते, तोवर त्याची पाळी संपते. फोटो काढताना फळ्यावर उजेडाची तिरीप येत नाही ना, हे पाहा. त्याहून बरे म्हणजे रेघी कागदावर ठळक पेनाने लिहून खिडकीपाशी फोटो काढावा.

व्हिडिओ द्यायचाच असेल तर तो मुलांच्या पॅकवर टाकू नका. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमध्ये उघडणारे साहित्य डाउनलोड करून नेटशिवाय पाहता येते आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देताही येते. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. शनिवारी सकाळच्या शाळेला ज्या पालकांना फोन देणे जमते, त्यांच्या फोनमध्ये शाळेच्या नेटवरून हे भरून द्या. ज्या घरांत फ्री डिशवर टीव्ही आहे, तेथे पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांचाही उपयोग होतो, पण कार्यक्रम कोणत्या भाषेत आहे हे आधी स्वतः पाहा. हिंदी-इंग्रजीतला पाठ मराठी माध्यमाच्या सहावीतल्या मुलापुढे नुसता लावून उपयोग होत नाही.

सावधान : यूट्यूबची लिंक पाठवली की एक व्हिडिओ संपून दुसरा आपोआप सुरू होतो आणि पॅक त्यातच जातो. लिंक शक्यतो टाळा.

## टप्पा ५ : आता व्हॉट्सॲपचा गट

व्हॉट्सॲप वापरण्यासाठी किमान वय १३ वर्षे आहे, आणि सहावीतले मूल अकरा-बारा वर्षांचे असते. म्हणून गटात नंबर पालकाचाच हवा, आणि तोही विचारून घेतलेला. गटात फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येईल अशी सेटिंग पहिल्या मिनिटाला करा. हे राहिले तर आठवड्याभरात सुप्रभात, वाढदिवस आणि निवडणुकीचे फोटो यांच्या ढिगात तुमचा कागद सापडेनासा होतो.

गटात प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो, आणि गावात आईचा नंबर चाळीस घरांत जाणे काही बायकांना नको असते. त्या बोलून दाखवत नाहीत. गटातून गुपचूप बाहेर पडतात आणि आपण त्यांच्या नावापुढे ‘निष्काळजी’ लिहितो. त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट यादी करा. मात्र ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून घरभेटीत तो त्यांच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या.

त्याच भेटीत आणखी एक काम उरका : सेटिंग्ज, तेथून स्टोरेज आणि डेटा, आणि तेथे मीडिया आपोआप डाउनलोड होणे बंद. भरलेल्या मेमरीचा फोन कागदाचा फोटोसुद्धा उघडत नाही.

सावधान : अभ्यास न केलेल्या मुलांची नावे गटात टाकू नका. मुलांचे फोटोही नको.

## टप्पा ६ : वेळापत्रक

शाळेचे वेळापत्रक उचलून फोनवर ठेवू नका. सकाळी अकराला थेट वर्ग ठेवला, तर त्या वेळी निम्मे फोन बागेत, फडावर किंवा एखाद्या गाडीच्या डॅशबोर्डवर असतात. साहित्य ठरावीक वेळी, म्हणजे संध्याकाळी सातला, रोज एकदाच पाठवा आणि ते दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत केव्हाही पाहिले तरी चालेल असे सांगा. थेट बोलणे आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे आणि फक्त शंकांसाठी. त्यात नवा पाठ शिकवू नका, म्हणजे ज्याला येता आले नाही त्याचे काही बुडत नाही.

बटणांच्या फोनवरच्या मुलांसाठी कॉन्फरन्स कॉल ठेवा. एका वेळी चार मुले पुरेत. प्रत्येकाने कागद समोर ठेवून बसायचे, बोलताना आपले नाव सांगायचे, आणि गोंगाट असेल तर तुम्ही विचाराल तेव्हाच उत्तर द्यायचे, हे पहिल्या कॉलला समजावा. पहिला कॉल सगळा यातच जातो.

## टप्पा ७ : वस्तीवरची जोडी

एकाच वस्तीवरच्या दोन-तीन मुलांनी एक फोन घेऊन बसावे, ही व्यवस्था चांगली चालते, पण ती गृहीत धरून चालत नाही. ज्याच्या घरचा फोन आहे, त्या घराला आधी विचारा. रोज पाच मुले ओट्यावर जमली तर पाण्याचा तांब्या, विजेचा दिवा आणि रिचार्ज हे सगळे त्याच माउलीच्या माथी येते. रिचार्जचा वाटा शाळेने उचलावा. अंधार पडल्यावर मुलींना दुसऱ्या वस्तीवर जावे लागेल अशी जोडी लावू नका. त्यांच्यासाठी सकाळची वेळ काढा किंवा कॉन्फरन्स कॉलच ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे काम टोळी निघण्याआधी व्हायला हवे. गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो, आणि मुकादम निघण्याचा दिवस दोन दिवस आधी सांगतो. म्हणून सहा आठवड्यांचे कागद एकत्र शिवून ऑक्टोबरातच मुलाच्या दप्तरात द्या. त्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे वाळवा किंवा कराडकडच्या गावी त्याला जवळच्या शाळेत बसता येईल. मुकादमाचा नंबर लिहून घ्या, कारण पालकाचे सिम बदलले तरी मुकादमाचे बहुधा बदलत नाही.

## टप्पा ८ : अभ्यास झाला का, हे पाहणे

एका वर्षी मी मेसेजखाली आलेले अंगठे मोजून हजेरी भरली. चौतीसपैकी एकतीस अंगठे होते. सोमवारी वह्या मागितल्या तेव्हा अकरा निघाल्या. अंगठा बहुतेकदा वडिलांनी, बसमध्ये, कागद न उघडता दिलेला असतो; निळ्या खुणांवरूनही फोन कोणीतरी पाहिला एवढेच कळते.

हजेरी फोनवरच्या उपस्थितीला कधीही जोडू नका. वही हाच पुरावा धरा. शाळा सुरू असेल तर सोमवारी वही तपासा. बंद असेल तर किराणा दुकान, दूध संकलन केंद्र किंवा अंगणवाडी अशी एक जागा ठरवून तेथे वह्या गोळा करा आणि परतीच्या फेरीला नवा कागद द्या. दरम्यान रोज पाच मुलांना एकेक मिनिटाचा फोन करा आणि कागदावरचे एकच उत्तर विचारा. ‘ऐंशी’ ऐकू आले, की ‘बाजारात चालत गेलास का रे?’ एवढाच प्रश्न विचारावा. गाडीभाडे त्याचे त्यालाच आठवते.

तपासणी : दोन आठवडे सलग ज्याची वही आली नाही, त्याच्या घरी जा. गेल्यावर अभ्यासाआधी फोनची विचारपूस करा.

## टप्पा ९ : देणगीतले फोन आणि टॅब

गावातली मंडळे, परगावी गेलेले माजी विद्यार्थी, कारखान्यातले कोणी, असे बरेच जण जुने फोन देऊ करतात, आणि बऱ्याच शाळा कामाची सुरुवातच येथून करतात. मग कपाटात आठ फोन पडून राहतात : दोघांना चार्जर नाही, तिघांची बॅटरी फुगलेली, बाकीच्यांत ॲप चालत नाही. फोन घेताना दात्यासमोरच जुनी माहिती पुसून घ्या, त्यात दीक्षा आणि व्हॉट्सॲप चालवून पाहा, आणि बॅटरी फुगलेला फोन मुलाच्या हाती मुळीच देऊ नका. बारा महिन्यांच्या रिचार्जचे पैसे कोण देणार हे ठरल्याशिवाय फोन वाटू नका. पैसे नसतील तर फोनमध्ये साहित्य भरून तो बिनसिमचा द्या.

फोन मुलाला बक्षीस देऊ नका, वाचनालयाच्या पुस्तकासारखा आठवड्यापुरता द्या, आणि पहिला हक्क टप्पा १ च्या वहीत ज्यांच्या नावापुढे कमीत कमी मिनिटे आहेत त्यांचा. नोंदवहीत तारीख, पालकाची सही, काचेची अवस्था आणि चार्जरचा क्रमांक लिहा. चार्जरवर मार्करने फोनचाच क्रमांक घाला, नाही तर तिसऱ्या आठवड्यात सगळे चार्जर एकमेकांत मिसळतात. फोन फुटला तर पालकाकडून भरपाई घ्यायची नाही, असा ठराव समितीत आधी करून घ्या आणि तो पालकांना वाचून दाखवा. हे केले नाही, तर फोन फुटू नये म्हणून आई तो कपाटात कुलूप लावून ठेवते आणि शुक्रवारी जसाच्या तसा परत आणून देते.

महिन्यातून एकदा, शक्यतो पंधरा तारखेच्या सुमारास, टप्पा १ ची वही पुन्हा भरा. रिचार्ज संपलेला असतो, वडील गलाईला गेलेले असतात, मोठ्या बहिणीचे लग्न झालेले असते आणि तिच्याबरोबर घरातला एकमेव चांगला फोनही गेलेला असतो.